पृथ्वीच्या पोटातले लाल चित्र आता बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शास्त्रविषयक बातम्यांसोबत पृथ्वीचे पोट चिरून दाखवणारे एक चित्र आपल्या पुरवणीत पुन्हा पुन्हा येते. वर पापुद्र्याएवढे भूकवच आणि त्याखाली थेट केंद्रापर्यंत उकळणारा लालभडक लाव्हा. इतरही अनेक ठिकाणी हेच चित्र इतकी वर्षे छापले जात आहे, की जमिनीखाली काय आहे असे शाळेत विचारा किंवा गावच्या पारावर, उत्तर "लाव्हा" असेच मिळते. ते चूक आहे. भूकवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेले प्रावरण घन आहे. तापलेला, दाबलेला, वर्षाला काही सेंटिमीटर सरकणारा, पण दगडच.

चित्रातली एक चूक म्हणून सोडून देता आली असती, तर हे पत्र लिहिले नसते. पण पोटात लाव्हाच आहे असे एकदा धरले, की पुढच्या चुका आपोआप होत जातात. भूकंपाचे धक्के बसू लागले की "खाली ज्वालामुखी जागा होतोय", कोकणात गरम पाण्याचे कुंड असले की "खाली लाव्हा आहे", विहिरीतून वाफ निघाली तरी तेच. म्हणून मुळापासून लिहितो.

आधी वजन. पृथ्वीची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला ५.५१ ग्रॅम आहे. आपल्या पायाखालचा दगड किती जड आहे हे मात्र कोणालाही मोजता येईल. हातात मावणारा, टणक काळा कातळ घ्या. दोऱ्याने बांधून ताणकाट्याला लटकवा आणि वजन नोंदवा. समजा ८७० ग्रॅम भरले. मग तो तसाच लटकता ठेवून पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवा. काटा आता ५७० दाखवेल. फरक ३०० ग्रॅमचा, म्हणजे दगडाने ३०० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारले. ८७० भागिले ३००, उत्तर २.९. हा प्रयोग शाळांमध्ये फसतो तो तीन कारणांनी. दगड बादलीच्या तळाला टेकतो आणि बुडालेले वजन कमी दिसते. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटून राहतात. त्यासाठी तो आधी तासभर भिजत ठेवावा. आणि तिसरे कारण म्हणजे दगडाची निवड. छिद्रे आणि गारगोट्या असलेला मांजऱ्या खडक घेतला तर घनता बरीच कमी येते आणि कोकणातला जांभा तर पाणीच पितो. ग्रॅनाइट घेतला तर उत्तर २.७ च्या आसपास येईल.

पृष्ठभागावरचे खडक २.७ ते ३ आणि सबंध गोळ्याची सरासरी ५.५१, याचा अर्थ आत काहीतरी खूप जड असले पाहिजे. लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली शिशाचे गोळे आणि पिळाच्या तारेवरचा दांडा वापरून पृथ्वीची घनता काढली. त्यांनी छापलेला आकडा ५.४८ होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, एका बंद खोलीत. नुसत्या दाबामुळे दगड इतका जड होत नाही. आत धातू हवा, आणि विश्वात मुबलक असलेला असा जड धातू म्हणजे लोखंड.

हे लोखंड केंद्राशी गोळा झाले आहे याचा आणखी एक पुरावा पृथ्वीच्या फिरण्यात आहे. एकसारख्या घनतेच्या गोळ्याचा जडत्वाघूर्ण (फिरण्यातल्या बदलाला तो किती विरोध करतो त्याचे माप) काढताना वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याला ०.४ ने गुणावे लागते. पृथ्वीसाठी तोच आकडा ०.३३ येतो. जितके वजन मध्याकडे, तितका हा आकडा लहान.

आता घन की द्रव हा प्रश्न. भरती-ओहोटी पाहून एकोणिसाव्या शतकातच लॉर्ड केल्व्हिन यांनी पातळ कवच आणि आत द्रव ही कल्पना मोडीत काढली होती. त्यांचा युक्तिवाद साधा आहे. आतला गोळा द्रव असता, तर चंद्राच्या ओढीने समुद्रासोबत जमीनही जवळजवळ तितकीच वर उचलली गेली असती आणि किनाऱ्यावरच्या माणसाला भरती दिसलीच नसती. भरती दिसते, त्या अर्थी पृथ्वी एकंदरीत पोलादाइतकी ताठ आहे. जमीनही चंद्रासोबत वरखाली होते, पण फार तर ३०-४० सेंटिमीटर. (याच केल्व्हिन यांनी पृथ्वीचे वय मात्र काही कोटी वर्षे काढले आणि ते सपशेल चुकले. पृथ्वी आतून फक्त दगडातून उष्णता झिरपत निवते असे त्यांनी धरले होते. घन प्रावरणसुद्धा हळूहळू ढवळले जाते आणि खालची उष्णता वर आणते, ही शक्यता त्यांनी घेतली नाही. १८९५ मध्ये जॉन पेरी यांनी नेमके याच गृहीतकावर बोट ठेवले होते.)

खरा निकाल भूकंपलहरींनी दिला. मोठा भूकंप झाला की दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या आतून धावतात. प्राथमिक लहर म्हणजे दाबाची लहर. ती घन, द्रव, वायू सर्वांतून जाते. दुय्यम लहर पदार्थाला आडवे हलवते, आणि द्रवाला आडवे ढकलले तर तो परत जागेवर येत नाही, वाहून जातो. म्हणून दुय्यम लहर द्रवातून जाऊच शकत नाही. जगभरातल्या भूकंपमापकांवर या दुय्यम लहरी प्रावरणातून रोज व्यवस्थित पोचतात. वरच्या प्रावरणात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर आणि तळाशी सात किलोमीटरहून जास्त असतो. जिथे लाव्हाचा समुद्र दाखवला जातो, तिथून घन पदार्थातच धावणारी लहर आरपार जाते. याहून स्वच्छ पुरावा काय हवा?

२,८९० किलोमीटर खोलीवर मात्र दुय्यम लहरी थांबतात आणि प्राथमिक लहरींचा वेग साडेतेरावरून एकदम आठवर येतो. तिथे बाह्य गाभा सुरू होतो, आणि तो खरोखर द्रव आहे. ५,१५० किलोमीटरवर पुन्हा घन पदार्थ लागतो, तो अंतर्गाभा. या शोधाच्या आरंभी भारत आहे, हे आपल्या वाचकांना क्वचितच सांगितले जाते. १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपाचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला. दूरच्या यंत्रांवरच्या नोंदींतून त्यांनी लहरींचे प्रकार वेगळे केले आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. भूकवच आणि प्रावरण यांमधली सीमा क्रोएशियातल्या आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ च्या भूकंपावरून काढली. शाळेत 'मोहो विलगता' म्हणून शिकवतात ती हीच. घन अंतर्गाभा ओळखला तो डेन्मार्कच्या इंगे लेमन यांनी, १९३६ साली. न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या लहरी जिथे पोचायला नको होत्या तिथे क्षीणपणे पोचल्या होत्या. त्या कशावर तरी आपटून वळल्या असणार, हे त्यांनी ताडले.

मग चित्रातला लाल रंग? तो तापमानाचा आहे असे कोणी म्हणेल. लोहाराच्या भट्टीतली पहार लालभडक होते, पण ती वितळलेली नसते. म्हणून तर ती ठोकता येते. शंभर किलोमीटर खोलीवर प्रावरणाचे तापमान साधारण १,३५० अंश सेल्सिअस असते. हाच खडक आपल्या अंगणात असता, तर ११०० अंशांच्या थोडे वरच वितळायला लागला असता. पण तिथे डोक्यावर शंभर किलोमीटर दगडाचा भार आहे, वातावरणाच्या तीस हजार पटींच्या आसपास. दाब वाढला की बहुतेक खडकांचा वितळणबिंदू वाढतो. त्या खोलीवर तो साडेचौदाशे अंशांच्या जवळ जातो. १,३५० ला खडक घनच राहणार. प्रेशर कुकरमधले पाणी १०० अंशांना उकळत नाही, ते याच न्यायाने.

हा न्याय कळला की ज्वालामुखीही कळतो. खोलवरचा तापलेला खडक घन अवस्थेतच, अत्यंत मंद गतीने वर सरकतो. वर येताना तो किलोमीटरमागे अर्धा अंशही निवत नाही, पण दाब कमी झाल्याने त्याचा वितळणबिंदू मात्र किलोमीटरमागे तीन-चार अंशांनी खाली येतो. दोन रेषा कुठेतरी एकमेकींना छेदतात. समुद्रतळावरच्या पर्वतरांगांखाली हे साठ-सत्तर किलोमीटर खोलीवर घडते. तिथेही सगळा खडक वितळत नाही. वितळतो तो थोडा भाग, साधारण दहा टक्के. तो शिलारस हलका असल्याने कणांच्या फटींतून वाट काढत वर येतो. म्हणजे उष्णता वाढली म्हणून नव्हे, दाब उतरला म्हणून लाव्हा तयार होतो. दुसरी वाट पाण्याची. समुद्रतळाचा पत्रा (भूपट्ट) दुसऱ्या पत्र्याखाली घुसतो, त्यासोबत गेलेले पाणी वरच्या गरम खडकात शिरते आणि त्याचा वितळणबिंदू उतरवते. जपान, इंडोनेशिया, अँडीजचे ज्वालामुखी असे आहेत, आणि भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, अंदमानातले बॅरन बेट, तेही.

प्रावरणाच्या वरच्या थरात काही ठिकाणी एक-दोन टक्के शिलारस कणांच्या कडांना असावा असे लहरींवरून दिसते. भिजवून पिळलेल्या रव्यात जेवढा ओलावा, तेवढाच समजा. त्याला समुद्र म्हणता येणार नाही.

घन दगड सरकतो कसा, हा प्रश्न यापुढे येतोच. डांबराचा थंड गोळा घ्या. हातोडा मारला तर तुकडे होतात. तोच गोळा पिंपात महिनोन्महिने पडून राहिला की पसरून पिंपाचा आकार घेतो. भूकंपलहर म्हणजे हातोडा, तिला प्रावरण घन वाटते. लाखो वर्षांचा रेटा आला तर तेच प्रावरण वाहते. त्याचा चिकटपणा पाण्याच्या तुलनेत एकावर चोवीस शून्ये इतक्या पटींचा आहे. तो मोजायला निसर्गाने सोय करून ठेवली आहे. स्कँडिनेव्हियावरचे हिमयुगातले दोन-तीन किलोमीटर जाडीचे बर्फ सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी संपले. दबलेली जमीन अजून वर येते आहे. स्वीडन-फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताभोवती वर्षाला साधारण नऊ मिलिमीटर. खालचा दगड परत भरून यायला इतका वेळ लागतो.

महाराष्ट्राचे उदाहरण तर बोलके आहे. आपला सह्याद्री लाव्हाचाच बनलेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना, दख्खनचे बेसाल्टचे, म्हणजे काळ्या कातळाचे, थर एकावर एक साचले. आज उरलेले क्षेत्रच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. घाटातून जाताना दिसणाऱ्या पायऱ्या हे त्या लाव्हाचे थर, आणि मधले तांबडे पट्टे म्हणजे दोन उद्रेकांमधल्या काळात कुजलेला, वरच्या लाव्हाने भाजलेला पृष्ठभाग. तेव्हा जगात लाव्हाचे घर असे कुठे म्हणायचे असेल, तर ते आपल्याकडे. आणि त्याखाली काय आहे? कोयनेच्या परिसरात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रकल्पात खोल छिद्रे घेतली गेली. २०१७ मध्ये एक तीन किलोमीटरपर्यंत पोचले. आधीच्या एका छिद्रात सुमारे ९३० मीटर बेसाल्ट संपल्यावर लागला तो थेट ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (नाइस), अडीच अब्ज वर्षांहून जुना. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपला. पुढे थोडा गाळाचा थर आणि मग तोच जुना पाया. महाराष्ट्राच्या लाव्हाखाली लाव्हा नाही. एका प्राचीन, थंड पायावर तो ओतला गेला आणि गोठला. ज्या भेगांतून तो वर आला, त्या दगडाने बुजलेल्या आज डाइकच्या भिंतींच्या रूपात उभ्या दिसतात.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप आणि त्यानंतरचे हजारो धक्के यांचा ज्वालामुखीशी संबंध नाही. १९६२ पासून भरत गेलेल्या जलाशयाचे पाणी भेगांत झिरपते, भेगेच्या दोन बाजूंमधला घट्टपणा कमी करते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. धक्क्यांची केंद्रे बहुतेक दहा किलोमीटरच्या आत आहेत, म्हणजे ३५-४० किलोमीटर जाडीच्या भूकवचाच्या वरच्याच भागात.

गरम पाण्याच्या झऱ्यांचेही तसेच. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे या रांगेतले पाणी पावसाचेच आहे. ते खोल भेगांतून उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. जमिनीत किलोमीटरमागे २५ ते ३० अंश तापमान वाढते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरचा फेरा पुरे. वर येताना थोडे निवते. त्यासाठी लाव्हाची गरज नाही. "शेतातून लाव्हा निघाला" अशी बातमी आली, तर वार्ताहराने आधी वर पाहावे: विजेचा खांब, तुटलेली तार किंवा अर्थिंग जवळ आहे का? उच्च दाबाचा प्रवाह जमिनीत उतरला की माती वितळून काचेसारखी काळी गाठ तयार होते. अशा जागी हात लावू नये, कारण तिथे वीज असू शकते. एवढी ओळ बातमीत हवीच.

गेल्या काही वर्षांतल्या तीन मथळ्यांबद्दलही लिहायला हवे, कारण ते दरवर्षी नव्याने फिरतात.

"भूगर्भात महासागर सापडला." २०१४ मध्ये ब्राझीलच्या जुईना भागातल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा सूक्ष्म कण मिळाला. हे खनिज ४१० ते ६६० किलोमीटर खोलीवरच्या पट्ट्यात तयार होते. त्यात वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी होते. पण हे पाणी स्फटिकाच्या जाळीत हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जोड्यांच्या रूपात अडकलेले असते. खडक पिळला तरी थेंब निघणार नाही. त्या पट्ट्यात एकूण पाणी समुद्राइतके असू शकते, पण तिथे लाटा नाहीत, पोकळी नाही, मासे तर नाहीतच.

"पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला." जानेवारी २०२३ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या संशोधकांचा निबंध आला होता. घन अंतर्गाभा वरच्या प्रावरणाच्या मानाने किंचित पुढे किंवा मागे सरकतो, वर्षाला अंशाच्या काही भागाने. तो फरक मिटल्यासारखा दिसतो, एवढेच त्याचे म्हणणे. पृथ्वीसोबत अंतर्गाभाही रोज एक फेरी मारतोच. दोन गाड्या एकाच वेगाने शेजारून धावू लागल्या, तर एकीतून दुसरी थांबलेली दिसते, तसे ते थांबणे.

"हिंदी महासागरात प्रचंड खड्डा." श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षण थोडे क्षीण आहे, त्यामुळे समुद्राची पातळी पृथ्वीच्या गणिती आकाराच्या तुलनेत १०६ मीटर खाली आहे. पण हा उतार हजारो किलोमीटरवर पसरलेला असतो, किलोमीटरमागे दहा सेंटिमीटरहून कमी. जहाजाला काहीच जाणवत नाही, कारण तिथले सपाट म्हणजे तेच. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्याचे कारण प्रावरणातल्या गरम, हलक्या पदार्थाशी जोडून दाखवले. याच जातीचा एक जुना शोध भारताच्या मोजणीतून लागला होता. सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळातल्या मोजणीत उत्तरेतले कलियाना आणि मध्य भारतातले कल्याणपूर यांच्या अक्षांशांत ५.२ सेकंदांचा (इथे सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरचा फरक येत होता. हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढतो, हे त्याचे कारण. पण कोलकात्याच्या जॉन प्रॅट यांनी हिशोब केला, तर फरक जवळजवळ १६ सेकंदांचा यायला हवा होता. पर्वत दिसतो तितका ओढत नाही. १८५५ मध्ये जॉर्ज एअरी यांनी सांगितले की पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोल गेलेले असते, पाण्यातल्या ओंडक्यासारखे. आज आपण जाणतो की तिबेट-हिमालयाखाली भूकवच ७० किलोमीटरपर्यंत जाड आहे.

एक गोष्ट त्या लाल चित्राच्या बाजूने सांगायला हवी. ते कधीकाळी खरे होते. सौरमालेतले सर्वांत जुने घन कण ४.५६७ अब्ज वर्षांचे आहेत. लहान-मोठे गोळे आदळत पृथ्वी वाढली आणि बहुधा मंगळाएवढ्या एका गोळ्याच्या धडकेतून चंद्र तयार झाला. त्या धडकांच्या उष्णतेने वरचा बराच भाग वितळला होता, लोखंड थेंबाथेंबाने खाली बसले आणि गाभा बनला. हे सगळे पहिल्या काही कोटी वर्षांत उरकले. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये ४.४ अब्ज वर्षांपूर्वीचे झिरकॉन या खनिजाचे कण मिळतात, म्हणजे तोवर वर घन भूकवच तयार झाले होते. आपले चित्र चार अब्ज वर्षे जुने आहे, एवढाच त्याचा दोष.

द्रव भाग आज उरला तो बाह्य गाभा. तो पृथ्वीच्या आकारमानाचा सहावा हिस्साही नाही, आणि तो लाव्हा नाही. ते मुख्यतः वितळलेले लोखंड आणि निकेल आहे. ते ज्वालामुखीतून कधीच बाहेर येत नाही. "पृथ्वीच्या गाभ्यातून उसळणारा लाव्हा" हे वाक्य म्हणून कायमचे काढून टाकावे. त्या लोखंडाच्या प्रवाहातून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते. त्याची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले आणि तिथे आजही चालू आहे. केंद्राशी तापमान पाच-सहा हजार अंश असूनही अंतर्गाभा घन आहे, कारण तिथला दाब वातावरणाच्या छत्तीस लाख पट आहे. पुन्हा तोच कुकरचा न्याय.

आता चित्र कसे काढावे ते. प्रमाण १ सेंटिमीटरला १,००० किलोमीटर घ्या. कंपासमध्ये ६.४ सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढा, त्याच केंद्रावरून ३.५ सेंटिमीटरचे दुसरे आणि १.२ सेंटिमीटरचे तिसरे. बाहेरच्या दोन वर्तुळांमधला २.९ सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे प्रावरण. मधला पट्टा बाह्य गाभा. आतले वर्तुळ अंतर्गाभा. भूकवचासाठी वेगळे काही काढू नये. खंडांखाली ते या प्रमाणात साधारण ०.४ मिलिमीटर आणि समुद्राखाली ०.०७ मिलिमीटर येते, पेन्सिलीच्या रेषेतच सामावते. एव्हरेस्ट ०.०९ मिलिमीटर. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे १२,२६२ मीटरचे छिद्र ०.१२ मिलिमीटर, तेवढ्यावरच तापमान अपेक्षित १०० ऐवजी १८० अंश लागले आणि काम थांबवावे लागले. ध्रुवांशी पृथ्वी चपटी दाखवण्याचा मोहही टाळावा. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय ६,३५७ किलोमीटर, फरक चित्रात ०.२ मिलिमीटर. रंग द्यायचाच तर वरच्या प्रावरणाला हिरवा द्या. तिथले मुख्य खनिज ऑलिव्हिन आहे आणि ते हिरवे असते.

आकड्यांचे भाषांतर करताना एक चूक नेहमी होते, तीही इथेच नोंदवतो. बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. मिलियन म्हणजे १० लाख. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे, साडेचार कोटी नव्हे. दख्खनचे पठार ६.६ कोटी वर्षांचे, ६६ कोटींचे नव्हे.

आपला,
भूशास्त्र शिकवणारा एक वाचक